खांदेरीच्या पाण्यात

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये तुमची द्राक्षं थंड झाली, पेट्या रीफर कंटेनरमध्ये चढल्या, दाराला सील लागलं. कसारा घाट उतरून गाडी न्हावा-शेव्याला पोचली. इथवरचा रस्ता तुम्हाला पाठ आहे. पुढचा मात्र तुमच्या मालालाच माहीत. मुंबईच्या खाडीतून जहाज खुल्या समुद्राकडे निघालं की डाव्या हाताला थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. आज जहाजाच्या कठड्याशी तुम्हीच उभे आहात, आणि सालं भराभर मागे पडताहेत.

1917, फेब्रुवारी. कंटेनर गायब. मुंबईपासून दूर, जिथून किनारा दिसतही नाही अशा पाण्यात एक मालवाहू जहाज दिवे मालवून चाललंय. निदान दिसतं तरी मालवाहू. ते जर्मन नौदलाचं ‘वोल्फ’ आहे आणि त्याच्या पोटात पाणसुरुंग आहेत. एकेक लोखंडी गोळा पाण्यात सुटतो. त्याचं वजन तळाला बसतं, गोळा दोराला बांधलेला, पृष्ठभागाखाली तरंगत राहतो. अंगावर शिशाची शिंगं. जहाजाचा धक्का लागून शिंग वाकलं की आतली काचेची नळी फुटते, द्रव खाली उतरतो, वीज तयार होते आणि स्फोट! एवढं साधं यंत्र, पण त्याला ना झोप लागते, ना भूक.

तुम्ही जूनमध्ये येता. पावसाळी समुद्र उसळलेला. 23 तारखेला पी अँड ओ कंपनीचं ‘मंगोलिया’ मुंबईकडे येताना त्या सुरुंगांपैकी एकावर आदळतं आणि बुडतं. मुंबईच्या तोफा सज्ज आहेत, पण झाडायच्या कोणावर? सुरुंग पेरणारा चार महिन्यांपूर्वीच निघून गेलाय. बंदर राखायला वापरायचं हत्यार शत्रूनं बंदराच्याच वाटेवर मांडलं. मला तर यात ‘वोल्फ’च्या शौर्यापेक्षा थंड डोक्याचा हिशेबच जास्त दिसतो.

आणखी मागे चला. 1679, भाद्रपद उलटतोय.

आता तुम्ही धान्यानं भरलेल्या एका होडीत आहात. सुक्या मासळीचा आणि तेलाचा वास नाकात बसलाय, निफाडच्या कोरड्या थंडीत वाढलेलं तुमचं अंग घामानं चिकट झालंय. शिवाजीमहाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी खांदेरीवर तट उठवतोय. मुंबईकर इंग्रजांना ते परवडणारं नाही, कारण हे बेट त्यांच्या बंदराच्या तोंडावरच आहे. त्यांची जहाजं आजूबाजूला घिरट्या घालताहेत, तरी तुमची होडी अंधारात, उथळ पाण्यावरून सटकते. मोठ्या जहाजाला तळ लागेल म्हणून मागे येता येत नाही. वारा पडला तर ते जागचं हलतही नाही. तुमच्याकडे वल्ही आहेत.

“पाय जपून टाका, पाव्हणं,” तांडेल म्हणतो. “कालवं हायत.”

दगडांना चिकटलेल्या त्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या. तुमचा तळवा चिरतो तेव्हा कळतं, की या किनाऱ्यावर घाईनं उतरणाऱ्या शत्रूचं काय होत असेल. सप्टेंबरात इंग्रजांच्या लेफ्टनंट थॉर्पनं उतरायचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला.

18 ऑक्टोबर. पहाटे मराठा आरमाराच्या दौलतखानाची गलबतं तुटून पडतात. पन्नासच्या आसपास असतील. धुरात मोजणार कोण! इंग्रजांची छोटी जहाजं पांगतात, ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागते. कॅप्टन केग्विनचं ‘रिव्हेंज’ मात्र तोफा डागत टिकून राहतं आणि शेवटी मराठी गलबतांनाच नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागते. म्हणजे त्या दिवसाची लढाई इंग्रजांचीच. बखरीच्या सुरात वाढलेल्या आपल्या कानांना हे रुचत नाही, पण बेट कोणाकडे राहिलं ते बघा. रसद येतच राहते, तट चढतच राहतो. सुरतेचे ईस्ट इंडिया कंपनीवाले खर्चाला कंटाळतात आणि 1680च्या जानेवारीत मुंबईकर तह करून जहाजं परत नेतात.

तुम्ही सुस्कारा सोडणार, तेवढ्यात समोरच्या उंदेरीवर गडबड दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दीनं ते बेट बळकावलंय आणि त्याच्या तोफांचा रोख खांदेरीकडे आहे. तांडेल शिवी हासडून वल्ही उचलायला सांगतो.