देव कोणत्या भाषेत बोलतो?

१ मार्च १४३१. फ्रान्समधलं रुआँ शहर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथल्या किल्ल्यात कैदेत असलेल्या, जेमतेम १९ वर्षांच्या एका मुलीला न्यायाधीश विचारत होते : तुझ्याशी बोलायला येणारी संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का? मुलीने उलट विचारलं, ती इंग्रजांच्या बाजूची नाही, मग इंग्रजीत कशाला बोलेल?

ही मुलगी म्हणजे जोन ऑफ आर्क. दोंरेमी नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची लेक. लिहिता-वाचता न येणारी. तिने कोर्टात सांगितलं, की ती साधारण १३ वर्षांची असताना, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, वडिलांच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. ती घाबरली. मग आवाज वारंवार येऊ लागला. आधी चांगलं वागायला सांगणारा, नंतर थेट राजकारणातलं काम देणारा : जा, इंग्रजांना हटव, राजपुत्र चार्ल्सला गादीवर बसव.

भाषेचा प्रश्न तिला याआधीही एकदा विचारला गेला होता. १४२९ साली ती चार्ल्सकडे पोहोचली, तेव्हा त्याने तिला प्वातिए शहरात धर्मपंडितांपुढे उभं केलं. त्यांतल्या सेगँ नावाच्या पंडिताने विचारलं, तुझा आवाज कोणत्या बोलीत बोलतो? जोन म्हणाली, तुमच्यापेक्षा चांगल्या. सेगँची फ्रेंच गावाकडच्या वळणाची होती. हा किस्सा पुढे त्याने स्वतःच साक्षीत सांगितला. खूण दाखव म्हटल्यावर ती म्हणाली, मी इथे चमत्कार करायला आलेले नाही. मला ऑर्लेआँला पाठवा, खूण तिथे दिसेल. पंडितांना तिच्यात काही वावगं आढळलं नाही. तिला पाठवलं गेलं. ८ मे १४२९ रोजी ऑर्लेआँचा वेढा उठला आणि १७ जुलैला चार्ल्सचा राज्याभिषेक झाला.

आता एक गोष्ट बघा. प्वातिए असो की रुआँ, देव माणसाशी बोलतो का, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. बोलतो, हे सगळ्यांनाच मान्य होतं. पेच पुढचा होता. हा आवाज देवाचा की सैतानाचा? आणि ते ठरवायचं कुणी?

त्याची रीतही तयार होती. पॅरिस विद्यापीठाचे कुलपती ज्याँ गेर्सों यांनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, की साक्षात्कार सोन्याच्या नाण्यासारखा पारखून घ्यावा. ऐकणाऱ्यात नम्रता आहे का, विवेक आहे का, धीर आहे का, तो खरं बोलतो का, त्याच्यात प्रेम आहे का? म्हणजे आवाज तपासता येत नाही, पण माणूस तपासता येतो. कल्पना शहाणपणाची होती. पण पारख करणाराच एका बाजूचा असेल तर?

रुआँमध्ये नेमकं तेच होतं. २३ मे १४३० रोजी जोन लढाईत पकडली गेली, आणि इंग्रजांनी पैसे मोजून तिला ताब्यात घेतलं. मुख्य न्यायाधीश बिशप पिएर कोशों इंग्रजांच्या बाजूचा होता. मदतीला गेर्सोंच्याच पॅरिस विद्यापीठाचे पंडित होते. जोनचा आवाज देवाचा ठरला असता, तर देव त्यांच्या राजाच्या विरोधात आहे असं मानावं लागलं असतं.

प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. देवदूत मायकेल दिसला तेव्हा त्याच्या अंगावर कपडे होते का? तिने विचारलं, देवाला त्याच्यासाठी कपडे मिळणार नाहीत असं वाटतं का तुम्हाला? मग सगळ्यात अवघड सापळा : तुझ्यावर देवाची कृपा आहे, हे तुला ठाऊक आहे का? हो म्हणावं तर पाखंड, कारण असं खात्रीने कुणालाच कळत नाही अशी चर्चची शिकवण. नाही म्हणावं तर स्वतःच्या तोंडून गुन्हा कबूल. जोनच्या उत्तराचा आशय असा : नसेल तर देवाने ती करावी, आणि असेल तर राखावी. हे उत्तर ऐकून विचारणारे थक्क झाले, असं त्या खटल्याच्या एका लेखनिकाने नंतर सांगितलं.

पण गाडी अडली ती दुसरीकडे. तुझे आवाज खरे की खोटे याचा निवाडा चर्चवर सोडशील का? ती चर्चला मानत होती, पण आधी देव, असं तिचं म्हणणं.

इथे न्यायाधीशांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मला देवाने सांगितलं, असं म्हणणारा प्रत्येक जण तपासणीच्या पलीकडे गेला, तर काय होईल? आजही अशा दाव्यांवर गर्दी जमते, पैसा जमतो, कधी रक्तही सांडतं. जोनच्या आवाजामागेही फौज चालून गेली होती आणि माणसं मेली होती. १७०० साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत यावर एक प्रकरणच घातलं. मला पक्की खात्री आहे म्हणून हे देवाचं, आणि हे देवाचं म्हणून मला पक्की खात्री, असा तर्क गोल गोल फिरतो, हे त्याने दाखवून दिलं. खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

हा निकष जोनला लावा. आणि न्यायाधीशांनाही लावा. देव आपल्यातर्फे निवाडा देतो, ही त्यांचीही खात्रीच होती. आपल्यावर कृपा आहे की नाही हे माहीत नाही, असं त्या दालनात म्हणाली ती आवाज ऐकणारी मुलगी. ज्यांनी काहीही ऐकलं नव्हतं, त्यांना देवाचं मन पक्कं ठाऊक होतं.

२४ मेला आगीच्या धाकाने जोनने माघारपत्रावर खूण केली. चार दिवसांनी न्यायाधीश कोठडीत आले, तेव्हा तिने सांगितलं की आवाज पुन्हा आले, आणि जीव वाचवण्यासाठी केलेल्या त्या माघारीबद्दल त्यांनी दुःख व्यक्त केलं. लेखनिकाने समासात लॅटिनमध्ये दोनच शब्द लिहिले : जीवघेणं उत्तर. ३० मे १४३१ रोजी रुआँच्या जुन्या बाजारात तिला जिवंत जाळलं.

१४४९ मध्ये रुआँ चार्ल्सच्या हाती आलं. १४५६ मध्ये चर्चच्याच न्यायालयाने तो खटला रद्दबातल ठरवला. १९२० मध्ये पोपने तिला संत घोषित केलं. आवाज तोच होता. १४२९ मध्ये त्यात वावगं काही नव्हतं, १४३१ मध्ये तो सैतानाचा झाला आणि १९२० मध्ये पवित्र.

तो आवाज खरोखर कुणाचा होता, हे या कागदपत्रांवरून सांगता येत नाही. ती फ्रेंचमध्ये बोलली, अधिकृत दप्तर लॅटिनमध्ये झालं, आणि संत मार्गारेटचं एकही वाक्य जोनच्या तोंडाशिवाय आपल्यापर्यंत आलेलं नाही. आपल्या हाती उरते ती गेर्सोंची जुनी कसोटी. देवाच्या नावाने कुणी बोलू लागलं, मग ते अंगात आलेलं माणूस असो की सिंहासनावरचा बिशप, तर त्याला निदान एवढं विचारता येतं : आपण चुकत असू, ही शक्यता तुमच्या बोलण्यात कुठे आहे? लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलीच्या उत्तरात ती होती.