दिव्यांग मुलाचं नाव शाळेच्या पटावर आहे, पण पुढे काय? जळगाव-धुळ्यातल्या पालकांना माहीत हवेत असे हक्क

खानदेशात मार्च लागला की ऊन तापायला लागतं. पुढे भुसावळ, जळगाव, धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत शिक्षक मुलांना भरपूर पाणी प्यायला सांगतात. पण व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्या मुलाला शाळेच्या स्वच्छतागृहात जाताच येत नसेल, तर ते मूल घरी जाईपर्यंत पाणी पिणं टाळतं. त्यातून डोकेदुखी आणि लघवीचा संसर्ग होऊ शकतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. मुलींना पाळीच्या दिवसांत हा त्रास आणखी होतो आणि शाळा बुडते.

म्हणून दिव्यांग विद्यार्थी शाळेत खुशाल आहे का, हे फक्त प्रवेशावरून कळत नाही. पाणी, स्वच्छतागृह, बसायची जागा आणि मित्र या रोजच्या गोष्टींवरून ते कळतं. यातल्या बहुतेक गोष्टी कायद्याने हक्काच्या आहेत.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. कलम १६ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. इमारत वापरण्याजोगी करायची आहे आणि गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या आहेत. खेळ आणि करमणुकीचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे पीटीच्या तासाला मुलाला रोज वर्गात बसवून ठेवणं योग्य नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार मोफत शिक्षण ६ ते १४ वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत असतं. पण ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कलम ३१ नुसार हा हक्क १८ वर्षांपर्यंत मिळतो. जवळची नेहमीची शाळा निवडायची की विशेष शाळा, हे मुलाच्या बाजूने ठरवायचं असतं.

शाळेत नेमकं काय हवं?

- चालण्यात अडचण असेल तर: रॅम्प, कठडा आणि रुंद दार हवं. चढ १ फूट असेल तर रॅम्प किमान १२ फूट लांब हवा. त्याहून उभा रॅम्प व्हीलचेअरसाठी धोक्याचा ठरतो. मुलाचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल, तर तो तळमजल्यावर आणणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.
- कमी दिसत असेल तर: पुढचा बाक, फळ्यावर ठळक अक्षर, मोठ्या टाइपातली किंवा ब्रेल पुस्तकं.
- कमी ऐकू येत असेल तर: शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी जागा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं या मुलांपर्यंत पोहोचत नाही. श्रवणयंत्राचा सेल संपला तर तो कोण बदलणार, हेही ठरवून ठेवावं.

४० टक्क्यांची अट मोफत शिक्षण आणि काही योजनांसाठी आहे. कलम १६ मधल्या सोयी त्याहून कमी दिव्यांगत्व असलेल्या मुलांनाही लागू होतात.

कर्णबधिर मुलांपुढे भाषेचा पेच

खानदेशात अनेक घरांत अहिराणी बोलली जाते, शिरपूर-चोपडा पट्ट्यातल्या पावरा कुटुंबांत पावरी. शाळेत मराठी असते. कर्णबधिर मुलाची सोयीची भाषा मात्र खुणांची. घरात कुणालाच सांकेतिक भाषा येत नसेल, तर शाळेत काय झालं हे मूल सांगणार कसं? निदान आई-वडील, भावंडं आणि बाकावरच्या मित्रांनी रोजचे काही संकेत शिकले, तरी मुलाचा एकटेपणा बराच कमी होतो. भारतीय सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. ती मोफत बघता येते.

प्रमाणपत्र का काढायचं?

बहुतेक योजनांसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

त्याचे काही उपयोग:

- एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. गावातली शाळा संपल्यावर तालुक्याला जाणाऱ्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.
- समग्र शिक्षा योजनेतून साहित्य आणि उपकरणं. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये भत्ता, वर्षातले १० महिने.
- नववी-दहावीसाठी केंद्राची शिष्यवृत्ती. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावं लागतं.
- दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ. जळगाव-धुळे हे जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, म्हणून फॉर्म भरतानाच मुख्याध्यापकांशी बोलावं.

मनाचं काय?

व्यंगावरून टोपणनाव ठेवणं, नकला करणं, सहलीला ‘तुला जमणार नाही’ म्हणून वगळणं, हे मुलं घरी सहसा सांगत नाहीत. शाळेत जायचं नाही म्हणून सकाळी पोट दुखणं, डबा परत येणं, मित्राचं नावच न निघणं, अशा खुणांकडे लक्ष द्यावं. ‘बिचारा’ म्हणून सगळी कामं माफ करणंही मुलाला वर्गापासून तोडतं. हजेरी घेणं, गटाचं नेतृत्व करणं यांसारखी जबाबदारी त्यालाही मिळायला हवी.

मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत.

शाळा ऐकत नसेल तर?

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. तरीही काही झालं नाही, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

विशेष शिक्षकांबाबतही विचारा. प्राथमिकला १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

बारावीनंतरच्या वाटाही जवळ आहेत. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. पण तिथवर पोहोचायचं तर आधी मुलाची शाळा सुटता कामा नये. पुढच्या पालकसभेला गेलात, तर सगळ्यात आधी स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे ते बघा.