चिपचा उन्हाळा

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नव्वदच्या दशकात येथील एका छोट्या कारखान्यात मी पंपांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तपासत असे. डिसेंबरात पास केलेली खेप मे महिन्यात परत आली. उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत थर्मामीटर ठेवला, तर तो सत्तरीला टेकला. साध्या चिपची हमी शून्य ते ७० अंशांचीच!

लष्करी चिपसाठी हीच मर्यादा उणे ५५ ते १२५. अमेरिकेच्या १९६८ च्या लष्करी मानकाने अशा चाचण्यांना शिस्त लावली. १२५ अंशांवर १६० तास चिप चालवणे ही त्यांपैकीच एक.

पण चालू चिप स्वतःही तापते. भट्टीचा काटा १२५ दाखवतो, तेव्हा आतले सिलिकॉन त्याहून गरम असते. म्हणून चिपमधल्या डायोडलाच थर्मामीटर केले. प्रवाह स्थिर ठेवला, तर दर अंशाला त्यावरचा व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. तो पाहून गरम-गार हवेचा झोत किंवा पेल्टिए पट्टी चालवायची. जाँ पेल्टिए मूळचे घड्याळजी; त्यांचा शोध १८३४ चा. १८३८ मध्ये लेंझ यांनी त्याच तत्त्वाने पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाह उलटा करून वितळवला!

आमच्याकडे यातले काहीच नव्हते. लाकडी पेटीत बल्ब लावून आम्ही पुढची खेप रात्रभर चालवली. सकाळी बंद पडलेले नग बाजूला काढले आणि उरलेल्यांच्या पेट्यांना झरोके पाडले.