पेटीच्या घराण्यातले

१९९५ साली माँट्रियालच्या समकालीन कला संग्रहालयात आलेल्या प्रेक्षकाला आधी एक जॅकेट चढवलं जाई. ते अंगासरशी बसवावं लागे, कारण त्याचं काम दोनच गोष्टी मोजण्याचं होतं: श्वास घेताना छाती किती फुगते आणि पाठीचा कणा कोणत्या बाजूला कलतो. मग डोक्यावर हेडसेट. हातात काहीच नाही, ना बटण, ना जॉयस्टिक. श्वास आत घेतला की माणूस वर तरंगायचा, सोडला की खाली यायचा, पुढे झुकला की पुढे सरकायचा. सुरुवातीला डोळ्यांसमोर आलेखाच्या कागदासारखी रेघांची जाळी असे. श्वास लयीत आला की ती जाळी विरून जंगलातली एक मोकळी जागा दिसू लागे. तिथे एक ओक, तळं आणि धुकं. झाडाच्या आत शिरता यायचं, पानातून जाता यायचं, मुळांखालच्या मातीत उतरता यायचं. कशाला धडकायला व्हायचं नाही, कारण तिथली प्रत्येक गोष्ट अर्धपारदर्शक होती. पंधरा मिनिटं झाली की सगळं जग एका गोळ्यात मिटत लांब जायचं. हेडसेट काढल्यावर काही जण डोळे पुसत बाहेर येत.

या कलाकृतीचं नाव ‘ऑस्मोस’ आणि ती करणारी कलावती शार डेव्हिस. १९५४ साली टोरोंटोत जन्मलेली, आधी चित्रकार, मग चित्रपटांकडे वळलेली, पुढे संगणकाकडे गेलेली. तिच्या या प्रवासात दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे तिच्या डोळ्यांचा मोठा नंबर. चष्मा काढला की वस्तूंच्या कडा विरघळतात, दिव्यांचे मऊ गोळे होतात, जवळचं आणि लांबचं एकमेकांत मिसळतं. हे तिनं स्वतःच लिहून ठेवलं आहे आणि तिच्या चित्रांतही तोच धूसर उजेड आहे. दुसरा तपशील म्हणजे स्कूबा डायव्हिंग. पाण्याखाली पोहणाऱ्याला ठाऊक असतं की फुफ्फुसं भरली की शरीर थोडं वर उचललं जातं आणि रिकामी केली की खाली जातं. ‘ऑस्मोस’चं अख्खं यंत्र या एका अनुभवावर उभं आहे. इतर मंडळी त्या काळात हातमोज्यांना सेन्सर लावून आभासी वस्तू पकडायच्या मागे होती, त्यामुळे डेव्हिसनं हात मोकळे सोडणं हा तेव्हा चक्क उलटा विचार होता.

चित्रकारानं संगणकाकडे का जावं? डेव्हिसची अडचण कॅनव्हासशी होती. जे दाखवायचं ते जागेचं वेढलेपण आणि कॅनव्हास मात्र सपाट. १९८७ साली ती माँट्रियालच्या सॉफ्टइमेज या नव्या कंपनीत संस्थापक संचालकांपैकी एक म्हणून आली. डॅनियल लँगलॉइसनं १९८६ साली काढलेली ही कंपनी त्रिमितीय ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवत असे आणि ‘जुरासिक पार्क’मधले डायनासोर हलवायला तेच वापरलं गेलं. १९९४ साली मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली. म्हणजे ज्या हत्याराचा हॉलिवूडला राक्षसी सरडे पळवायला उपयोग झाला, त्याच हत्याराच्या घरात बसून एका बाईनं पानाच्या आत शिरायची वाट शोधली. ही गंमत मला फार आवडते.

आता मूळ मुद्द्याकडे. सिनेमा आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) दोन्ही करणाऱ्या कलावंतांविषयी बोलताना एक वाक्य हमखास येतं की व्हीआर ही सिनेमाची पुढची पिढी आहे. मला हे पटत नाही. वंशावळ काढून पाहिली तर दोन वेगळी घराणी दिसतात. एक पडद्याचं, दुसरं पेटीचं. पडद्यासमोर शंभर माणसं बसतात, पेटीत एकच माणूस डोकावतो. आपल्या जत्रांतल्या सिनेमाच्या पेटीला भोकं चार-सहा असत, पण प्रत्येक पोराचं भोक त्याचं त्याचं. व्हीआर त्या दुसऱ्या घराण्यातलं आहे आणि त्याचे सगळे गुण-दोष तिथूनच आलेले आहेत.

या घराण्याचा मूळ पुरुष १८३८ सालचा. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं रॉयल सोसायटीपुढे दाखवलं की डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रं दिली की मेंदू स्वतःच खोली निर्माण करतो. त्याचा स्टिरिओस्कोप आरशांचा होता आणि आत रेखाटनं होती, कारण छायाचित्रण अजून जाहीरच व्हायचं होतं. पुढे डेव्हिड ब्रूस्टरनं भिंगांची सुटसुटीत पेटी केली आणि १८५१च्या लंडन प्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाला आवडल्यावर मागणी वाढली. १८६१ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकानं हातात धरायचं स्वस्त मॉडेल केलं आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. मग ते घरोघर गेलं. अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीनं हिंदुस्थानच्या शंभर जोडचित्रांचा संच विकायला काढला, सोबत पुस्तक आणि नकाशे. दिवाणखान्यात बसून काशी-आग्र्याला जाऊन यायचं. व्हीआरच्या जाहिरातीत आज जे वचन असतं, शब्दशः तेच. ‘व्ह्यू-मास्टर’ हे या घराण्याचं खेळण्यातलं रूप १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आलं. एका चकतीवर सात दृश्यं, म्हणजे चौदा चित्रं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येक मराठी वाचकांनी त्याचा खटका दाबलेला असेल.

पेटी आणि पडदा यांची समोरासमोर गाठ पडली ती १८९०च्या दशकात. एडिसनचा काइनेटोस्कोप १४ एप्रिल १८९४ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लोकांसाठी उघडला. दहा यंत्रं, पाच यंत्रांच्या एका रांगेला पंचवीस सेंट. वाकायचं, भोकाला डोळा लावायचा आणि काही सेकंदांची हलती चित्रं एकट्यानं बघायची. चित्रं पडद्यावर टाकायची एडिसनला घाई नव्हती, कारण पेट्या विकल्या जात होत्या. दीड-दोन वर्षांतच ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तीच हलती चित्रं खोलीभर लोकांना एकदम दाखवली आणि ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटाला ती आपल्याकडे आली. पेटी हरली. हरली ती साध्या हिशेबानं, कारण एका यंत्रावर एक गिऱ्हाईक आणि दुसऱ्यावर दोनशे.

पडद्याची सवय मुंबईच्या आसपास त्याच्या आधीपासून होती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ १८९०च्या दशकात खेळ करत असे. काचांवर रंगवलेली पुराणातली पात्रं, एकापुढे एक काचा टाकून हालचालीचा भास, सोबत निवेदन आणि संगीत. पुढे मुलांनी तो धंदा चालवला. दादासाहेब फाळक्यांचंही बघा. जे. जे.त चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रण, रविवर्म्याच्या छापखान्यात काम, जादूचे प्रयोग (तिथे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’) आणि मग सिनेमा. भांडवल उभारण्यासाठी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून दाखवली. अनेक कला एकाच माणसात आढळल्या की आज ‘बहुविद्याशाखीय’ असा भारदस्त शब्द वापरतात. माझ्या मते कारण साधं आहे. नव्या यंत्राला तयार कारागीर नसतो. ज्याला चार कामं येतात तोच त्यातून काही काढतो.

पेटीच्या घराण्यातही तशीच माणसं लागली. मॉर्टन हायलिग हा मूळचा सिनेमावाला. १९५५ साली त्यानं भविष्यातल्या सिनेमावर निबंध लिहिला आणि प्रेक्षकाच्या सगळ्या ज्ञानेंद्रियांना काम द्यायला हवं असं मांडलं. १९६० साली त्यानं डोक्यावर चढवायच्या मुखवट्याचं पेटंट घेतलं आणि १९६२ साली ‘सेन्सोरामा’चं. खुर्चीत बसून टोपात डोकं घालायचं. समोर ब्रुकलिनच्या रस्त्यावरची मोटारसायकल. खुर्ची थरथरते, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येतो, वास सोडले जातात. त्यासाठीचे छोटे चित्रपट त्यानं स्वतःच, स्वतः बनवलेल्या जोडकॅमेऱ्यानं घेतले. गुंतवणूकदार मिळाला नाही. मिळणार तरी कसा? खुर्ची एक, गिऱ्हाईक एक, म्हणजे काइनेटोस्कोपचाच हिशेब.

१९६८ साली आयव्हन सदरलँडनं हार्वर्डमध्ये संगणकाला जोडलेला पहिला हेडसेट केला. तो छताला टांगलेला होता. मान वळवली की हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळा त्याप्रमाणे फिरायचा. या टप्प्यावर पेटी कलावंतांच्या हातून संशोधकांच्या आणि संरक्षण खात्याच्या पैशाकडे गेली आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिली. ऐंशीच्या दशकात जेरन लेनिअर या संगीतकार-संगणकतज्ज्ञानं व्हीपीएल कंपनी काढून हेडसेट आणि सेन्सरचे हातमोजे विकायला ठेवले आणि ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं. हेडसेट म्हणजे विमानचालकांची तालीम आणि गोळीबाराचे खेळ, अशी समजूत तोवर घट्ट झाली होती. डेव्हिसचं जॅकेट या समजुतीला दिलेलं उत्तर होतं.

पण तिनं आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या दृष्टीनं तीच तिची खरी हुशारी. बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत दोन पडदे होते. एकावर आतला माणूस काय बघतोय ते त्याच वेळी दिसे. दुसऱ्यावर त्या माणसाची सावली: हात पसरलेले, मान मागे टाकलेली, सावकाश डोलणारी. म्हणजे पेटीतल्या एकट्याचा प्रवास पडद्यावर आणून तिनं दोन घराण्यांची सोयरीक जुळवली. आत एक माणूस आणि बाहेर खोलीभर प्रेक्षक. तरी मूळ हिशेब सुटला नाहीच. पंधरा मिनिटांना एक म्हणजे तासाला चार, आठ तासांत फार तर बत्तीस. जॅकेट बांधायचा वेळ त्यात धरलेलाच नाही. १९९८ साली तिनं ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनासाठी ‘एफेमेर’ ही दुसरी कलाकृती केली. तिची ओळख आजही प्रामुख्यानं या दोन कामांवर टिकून आहे.

त्यानंतर दहा-बारा वर्षं बाजार थंड होता. तो पुन्हा तापला तोही एका पत्रकार-माहितीपटकारामुळे. नॉनी डे ला पेन्या हिनं २०१२च्या सनडान्स महोत्सवात ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ दाखवलं. फुकट धान्याच्या रांगेत एक माणूस साखर कमी झाल्यानं कोसळतो, आवाज प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेले आणि प्रेक्षक त्या रांगेतच उभा. हेडसेट घडवण्यात पामर लकी नावाचा पोरगा मदतीला होता. त्याच वर्षी त्यानं ऑक्युलस या आपल्या हेडसेट कंपनीसाठी लोकांकडून पैसे उभे केले आणि २०१४ साली फेसबुकनं ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली. मग सिनेमावाले धावले. आपल्याकडे ‘शिप ऑफ थिसियस’चा दिग्दर्शक आनंद गांधी यानं मुंबईतून २०१६ साली व्हीआर माहितीपटांसाठी ‘एल्सव्हीआर’ सुरू केलं आणि त्यात फैझा अहमद खान हिचा छत्तीसगडच्या कोळसा खाणींवरचा माहितीपट होता. पुढच्या वर्षी अलेहांद्रो इन्यारितूचं ‘कार्ने इ अरेना’ कान महोत्सवात आलं: बूट काढायचे, अनवाणी वाळूवर उभं राहायचं आणि साडेसहा मिनिटं मेक्सिकोची सीमा ओलांडणाऱ्यांच्या घोळक्यात असायचं. एका वेळी एकच प्रेक्षक. त्याला विशेष ऑस्कर मिळालं. व्हायोलिन, कविता, सिनेमा सगळ्यांत वावरणाऱ्या लॉरी अँडरसनला ह्सिन-चिएन ह्वांगबरोबर केलेल्या कामासाठी त्याच वर्षी व्हेनिसमध्ये व्हीआरचा पुरस्कार मिळाला.

सिनेमावाल्याला इथे दोन सवयी सोडाव्या लागतात. चौकट नाही, त्यामुळे प्रेक्षक नको तिकडे बघतो. कट नाही, निदान पूर्वीसारखा नाही, कारण अचानक जागा बदलली की पोटात ढवळतं. ज्यांना रंगभूमी, शिल्पकला किंवा चित्रकला थोडी येते ते लवकर सावरतात. नुसते सिनेमावाले चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा मध्यभागी ठेवून मोकळे होतात आणि ते काम कंटाळवाणं होतं. या काळातल्या बऱ्याच ‘सहानुभूती जागवणाऱ्या’ व्हीआर माहितीपटांविषयी माझं हेच मत आहे: छावणीतल्या मुलाच्या शेजारी उभं केल्यानं त्याचं दुःख कळतं, हा दावा फार झाला.

दुसरी गोष्ट टिकण्याची. पटवर्धनांच्या काचा आजही जपलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे दिवा धरला की चित्र दिसतं. ‘ऑस्मोस’ मात्र सिलिकॉन ग्राफिक्सच्या फ्रिजएवढ्या ऑनिक्स संगणकासाठी लिहिलं गेलं होतं आणि ती कंपनीच आता उरलेली नाही. २०१५ साली घेतलेलं कुठलंही व्हीआर काम आजच्या हेडसेटवर चालेलच याची खात्री ते करणाऱ्यालाही देता येत नाही. त्यामुळे या कलावंतांचं पोट तिकिटांवर भरत नाही. ते संग्रहालयं, महोत्सव आणि अनुदानांवर चालतं आणि अनुदान आटलं की काम थांबतं. पेटीचं घराणं दीडशेहून अधिक वर्षं जगलं ते स्वस्त खेळण्याच्या रूपात. कलेच्या रूपात त्याला कायम कोणीतरी पोसणारा लागला आहे.

तुमच्या शहरातल्या चित्रपट महोत्सवात व्हीआरचं दालन असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच नाव नोंदवा. तासाला जेमतेम चार-सहा माणसं आत जातात आणि दुपारपर्यंत यादी भरलेली असते.