कुलाब्याचीं माणसें, मुंबईचे छापखाने

मुंबई शहराला मराठी छापखान्याचें माहेर म्हणतात, तें यथार्थ आहे. १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं छापील मराठी पंचांग तेथेंच काढलें आणि ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ तेथूनच निघालें. परंतु या शहराच्या वाङ्मयाचा पाया घालणारीं माणसें कोणत्या गांवांहून आलीं, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. बाळशास्त्री दक्षिण कोकणांतील पोंभुर्ल्याचे. त्यांच्या मागून ‘प्रभाकर’ पत्र काढणारे भाऊ महाजन हे जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील पेणचे.

गोविंद विठ्ठल कुंटे हें भाऊंचें मूळ नांव. जन्म १८१५ सालचा. विद्येसाठीं ते मुंबईस गेले, बाळशास्त्र्यांच्या सहवासांत आले, आणि २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं त्यांनीं ‘प्रभाकर’ साप्ताहिक सुरू केलें. ‘दर्पण’ इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत निघे. तें १८४० सालीं बंद पडलें होतें. भाऊंनीं मराठी वाचकावर भिस्त ठेविली. १८४८ पासून गोपाळ हरि देशमुख यांचीं पत्रें ‘लोकहितवादी’ या नांवानें ‘प्रभाकरां’त येऊं लागलीं. एकंदर १०८ असूनहि तीं ‘शतपत्रें’ म्हणूनच प्रसिद्ध झालीं. रूढींवर व विद्येविषयींच्या अनास्थेवर त्यांत कोरडे ओढलेले होते. लेखकाला टोपणनांवाचा आडोसा होता. संपादकाला तोहि नव्हता. आज लोकहितवादींचें नांव शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. तीं पत्रें छापण्याची छाती दाखविणाऱ्या पेणकराचें नांव मात्र तितकें ऐकूं येत नाहीं. पुढें १८५३ सालीं ‘धूमकेतु’ व १८५४ सालीं ‘ज्ञानदर्शन’ हीं नियतकालिकेंहि भाऊंनींच काढलीं.

मग पेणच्या मनुष्यानें पेणेंतच पत्र कां काढिलें नाहीं? खिळे पाडणारे कारागीर, कागद उतरणारें बंदर, टपालाची सोय आणि नवी विद्या शिकलेला वाचक, हें सर्व त्या काळीं मुंबईंत एकत्र होतें. माणसें गांवानें द्यावीं आणि यंत्र शहरानें, अशी ही वांटणी होती.

ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राचीच नव्हे. ‘प्रभाकर’ निघाल्यास वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच १५ ऑक्टोबर १८४२ रोजीं आयर्लंडांत डब्लिन शहरीं ‘नेशन’ हें साप्ताहिक निघालें. त्याच्या तिघां संस्थापकांपैकीं एकहि डब्लिनमध्यें जन्मलेला नव्हता. टॉमस डेव्हिस कॉर्क परगण्यांतील मॅलो गांवचा. त्याचा जन्म १८१४ चा, म्हणजे तो भाऊंहून अवघ्या एका वर्षानें मोठा. तेथील गांवोगांवच्या वाचनगृहांत हें पत्र मोठ्यानें वाचीत, त्यामुळें एकेका अंकाला अनेक श्रोते लाभत. गांवांनीं शहराला दिलेली बुद्धि अशा रीतीनें गांवांना परत मिळे. श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें तें हेंच. शहराचें वाङ्मय गांवाला परत मिळावयाचें, तर गांवांत वाचण्याची जागा हवी.

कुलाबा जिल्ह्यांतहि पुढें पत्रांना जिल्ह्यांतच कार्य सांपडलें. खोतीविरुद्ध चरी येथील शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं संप पुकारला. तो १९३९ पर्यंत टिकला. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनीं १९३७ सालीं ‘कृषीवल’ काढलें. शेतकऱ्याचें गाऱ्हाणें आतां मुंबईच्या पत्रांत जागा मिळेपर्यंत थांबणार नव्हतें.

भाऊ महाजन स्वतः मात्र पेणेस परतले नाहींत. उतारवयांत ते नागपुरास गेले व १८९० सालीं तेथेंच वारले. १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव बदलून रायगड झालें. रोह्याशेजारीं कुंडलिकेच्या कांठीं धाटावला कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिंपाची नोंद कोणी ना कोणी ठेवितोच. या जिल्ह्यानें मराठी वाङ्मयाला दिलेल्या माणसांची नोंद ठेवणें हें येथील वाचनालयांचें आणि शाळांचें काम आहे. त्याला यंत्र लागत नाहीं कीं भांडवल लागत नाहीं. एक कपाट, एक वही आणि जुने अंक रद्दींत न घालणारीं चार घरें एवढ्यावर त्याचा आरंभ होऊं शकतो.