खेळण्याचे साल कुठे लिहिलेले असते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. म्हसळ्यातही अनेक घरांची कौले आणि पत्रे उडाले. पुढचे कित्येक दिवस लोक माळ्यावरचे भिजलेले सामान अंगणात वाळत घालत होते. आमच्या परिचयाच्या एका घरी अशीच एक ट्रंक उघडली गेली. आत चावीची पत्र्याची मोटार, रंग उडालेला मातीचा पोपट आणि वीतभरही उंची नसलेले दहा-बारा प्लॅस्टिकचे सैनिक होते. एक सैनिक उचलला, तर त्याचे पाय खाली गळून पडले. आम्ही ती ट्रंक मागितली. आजी म्हणाल्या, "गुरुजी, न्या की. पण घाई कसली? प्लॅस्टिक काय कुठं जातंय!"

आजींचे हे म्हणणे बरोबर आहे का, ते पुढे पाहू. त्याआधी दुसरा प्रश्न. असली खेळणी जपून ठेवण्यात इतिहासाचे काय भले होते?

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात तेथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली. आत मातीची स्त्रीमूर्ती होती. पेटीबरोबर आणखी एक मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैलही होता. हा बैल नुसता हातात दिला, तर आपण त्याला मुलाचे खेळणे म्हणून मोकळे होऊ. पण तो मूर्तींसोबत, जमिनीखाली, जाणीवपूर्वक ठेवलेला होता. म्हणून संशोधकांनी त्याचा संबंध पूजेशी जोडला. हा निर्णय बैलाच्या आकाराने दिलेला नाही. वस्तू कुठे आणि कशासोबत सापडली याच्या नोंदीने तो दिला.

आता धाराशिव जिल्ह्यातील तेरला जाऊ या. सातवाहनांच्या काळात हे भरभराटीचे व्यापारी गाव होते. येथे पांढऱ्या मातीच्या सुबक लहान मूर्ती मिळाल्या. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढच्या बाजूचा एक साचा आणि पाठीचा एक. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन अर्धुके जोडायची. मूर्ती आतून पोकळ राहते, त्यामुळे भाजताना तडकण्याचा धोका कमी होतो. जोडाची रेघ कडेला राहते. तेरमधील एक व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या अशा वस्तू चिकाटीने गोळा केल्या. आज तेथील शासकीय संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांनी त्या उचलून ठेवल्या नसत्या, तर त्यांतल्या कितीतरी मातीत मिसळून गेल्या असत्या.

ट्रंकेतल्या सैनिकाच्या कुशीवरून नख फिरवले, तर तशीच रेघ हाताला लागते. तोही साच्यातूनच निघालेला आहे. फरक एवढाच की हा साचा पोलादाचा असतो आणि त्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने सोडलेले असते. या सैनिकांचे घराणे अमेरिकेतले. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा जवळजवळ एक फूट उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत, या भीतीने कंपनीने बाहुली हा शब्द टाळला आणि 'ॲक्शन फिगर' असे नवे नाव रूढ केले. १९८२ साली हा सैनिक सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचा होऊन पुन्हा आला.

एक पोलादी साचा हजारो नग काढतो. अमेरिकेत एखाद्या सैनिकाची विक्री संपली की त्याचा साचा दुसऱ्या देशात धाडला जाई. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली आणि गोव्यातील कारखाना असलेल्या या कंपनीने हे सैनिक भारतात बनवले. साचा जुना, पण प्लॅस्टिक आणि रंग इथले. त्यामुळे काही सैनिकांचे कपडे अमेरिकेतल्या भावंडांपेक्षा अगदी वेगळ्या रंगांचे निघाले. आज परदेशातील संग्राहक हेच भारतीय सैनिक मुद्दाम शोधत असतात.

येथे इतिहास शिकवणाऱ्याने सावध व्हावे. अशा खेळण्याच्या पाठीवर किंवा मांडीवर बहुधा एक साल कोरलेले असते. ते साच्याच्या आराखड्याचे असते. खेळणे त्याच साली घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मग ते म्हसळ्याला कधी आणि कसे आले? आपल्या तालुक्यातील कितीतरी माणसे नोकरीसाठी आखातात गेली. सुटीत परतताना त्यांनी मुलांसाठी खेळणी आणली. काही मुंबईच्या बाजारातून आली. आमच्या ट्रंकेतले सैनिक आखातातून आले की मुंबईहून, हे सैनिक सांगू शकत नाहीत. आजी सांगू शकतात. मोटार थोरल्याची, सैनिक धाकट्याचे, आणि पोपट खुद्द आजींच्या लहानपणीचा, हे आम्हाला विचारल्यावरच कळले. हौशी संग्राहक न उघडलेल्या खोक्याला जास्त किंमत देतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र झिजलेले पण ज्याची हकीकत माहीत आहे, असे खेळणे अधिक मोलाचे.

आता सैनिकाचे पाय का गळाले ते पाहू. त्याचे धड आणि पाय कमरेतील एका लहान रबरी कड्याने ताणून धरलेले असतात. ताणलेल्या रबरावर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांची क्रिया होते. त्याला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस कडे तुटते. मऊ पीव्हीसीत मिसळलेले मृदुकारक द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते. खेळणे आधी चिकट आणि पुढे कडक होते. काही प्लॅस्टिके उन्हातील अतिनील किरणांनी पिवळी पडतात. लोखंडी स्क्रू आणि स्प्रिंग आमच्या दमट, खाऱ्या हवेत लवकर गंजतात. म्हणजे गंमत पाहा: तेरची भाजलेली माती दोन हजार वर्षे टिकली आणि आजींचा पोपटही त्यांच्या साऱ्या आयुष्याला पुरला. 'कुठं जातंय' म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष केले, तो सैनिक मात्र एका पिढीत मोडला. प्लॅस्टिकचे तुकडे दीर्घकाळ पर्यावरणात उरतात हे खरेच, पण वस्तू म्हणून खेळणे फार आधी संपते. आणि त्याची हकीकत तर त्याहून आधी, सांगणाऱ्या माणसाबरोबर.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातील मुलांना घरातले सर्वांत जुने खेळणे शोधायला सांगा. ते शाळेत आणलेच पाहिजे असे नाही. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चित्र काढावे आणि चार गोष्टी लिहाव्यात: कशाचे बनले आहे, कोण खेळले, कुठून आले, हे कोणी सांगितले. खाली त्या दिवसाची तारीख घालावी. ज्यांच्याकडे खेळणेच उरलेले नाही, त्यांनी आठवणीतले लिहावे. सुपारीच्या गळलेल्या झावळीवर बसून कोणी कोणाला ओढले, हेही त्यात आले पाहिजे, कारण ते खेळणे तर कुठल्याच ट्रंकेत सापडणार नाही.

आमच्या सैनिकाला आम्ही नवे रबरी कडे बसवले. तो उभा राहिला. जुने तुटलेले कडे फेकले नाही. कागदाच्या पुडीत घालून, त्यावर तारीख टाकून, त्याच्याशेजारीच ठेवले आहे.