तेहरानचा पावदंगा (१९४२)

दुसऱ्या महायुद्धात दोस्तव्याप्त इराणमध्ये अन्नटंचाईतून उसळलेला उठाव. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश व सोव्हिएत फौजा देशात घुसल्या. त्यानंतर इराणचा राजा रेझा शाहने पदत्याग केला. रशियाला रसद पोचवण्यात रेल्वे व मालमोटारी अडकल्या, रियालचे मोल घसरले आणि साठेबाजांनी गहू दडवला. उत्तरेकडील सुपीक प्रांत सोव्हिएत ताब्यात होते. म्हणजेच टंचाई निव्वळ नापिकीची नव्हती. ८ डिसेंबर १९४२ रोजी पावासाठी जमलेला जमाव संसदेत शिरला; पंतप्रधान अहमद कवामचे घर लुटले गेले. सरकारचे उत्तर: गोळीबार, लष्करी कायदा, वृत्तपत्रबंदी. तरी कवाम फेब्रुवारी १९४३ पर्यंतच टिकला.